सगळ्यांत महत्त्वाची गोळी

“आईच्या पोटात गोळी गेलेलीच नाय, डॉक्टर सांगतात!”

कल्याणच्या हॉस्पिटलातून परतलेल्या संदेशनं ओटीवर उभ्या उभ्याच एवढं सांगितलं आणि रक्ततपासणीचा कागद बायकोच्या पुढ्यात भिरकावला. नम्रता चुलीपुढून उठून तशीच धावत बाहेर आली होती. हाताला तांदळाचं पीठ, कपाळावर घाम, आणि सासूची काहीतरी बरी खबर ऐकायला आसुसलेला जीव... आणि खबर आली ती ही अशी! कागद उचलायचंही तिला सुचेना.

“म्हणजे?” तिनं विचारलं.

“म्हणजे काय म्हणजे? रक्त पातळ करायची गोळी रोज पोटात गेली असती तर रक्त असं नसतं. गोळीचा मागमूस नाय त्यात! म्हणून गुठळी झाली, म्हणून ती मेंदूत गेली, उजवं अंग गेलं, वाचा गेली... आणि तू रोज सांजची मला काय सांगायचीस? ‘दिली गोळी.’ कुणाला दिलीस गो? उकिरड्याला?”

“माझ्या हातानं दिली हो! रोज! पाण्याचा तांब्या धरून उभी राहायची मी...”

“मग काय रक्त खोटं बोलतंय?”

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेली थोरली नणंद सरिता ताडकन उठली. आईला अर्धांगाचा झटका आल्याचं कळताच ती मुरबाडकडच्या आपल्या सासरहून धावत आली होती आणि तीन दिवसांत तिनं धड घासभर अन्न गिळलं नव्हतं.

“मी सांगत होते ना रे तुला, संदेश! हिनं आईची भाजी बंद केली तेव्हाच मी ओळखलं. पावसाळ्यात आख्खं गाव टाकळा खातंय, कुर्डू खातंय, आणि माझी आई माझ्याकडे येऊन भाजीचं पातेलं निपटतेय! आता गोळी पण बंद? सासू मरायची वाट बघत होतीस काय गो तू?”

“वन्सं!” नम्रतानं दोन्ही कानांवर हात ठेवले. पिठाचे पांढरे ठसे गालांवर उमटले आणि त्यांच्यावरून अश्रू ओघळू लागले... “असं नका हो बोलू! गावदेवीची आण घेऊन सांगते...”

“देवीला मध्ये आणू नको. उद्यापासून तू आईच्या अंथरुणाजवळ जायचं नाय. तिला हात लावायचा नाय. मी बघेन माझ्या आईचं.”

नम्रतानं नवऱ्याकडे पाहिलं. दहा वर्षांचा संसार! एका शब्दानं तरी तो बहिणीला अडवील, अशी वेडी आशा तिच्या अंतःकरणात होती. संदेश चपला काढून मोरीवर पाय धुवायला निघून गेला. कुंपणाशी उभ्या असलेल्या शेजारच्या जनाबाईनं सगळं ऐकलं होतं, म्हणजे दिवेलागणीपर्यंत ते सगळ्या आळीला कळणार हे ठरलेलंच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असं. पण इथं खरा चोर कोण, हे संन्याशालाही ठाऊक नव्हतं.

सासूबाईंचं, म्हणजे सकुबाईंचं, दुखणं सुरू झालं ते माघात. खळ्यावरचं काम आटपून त्या घरात आल्या आणि कणगीला टेकून बसल्या. “काळजात पाखरू फडफडतंय गो,” म्हणाल्या. नम्रतानं मनगट धरून पाहिलं, तर नाडीला ना ताल ना तोल. दोन ठोके घाईनं, एक गायब, मग तीन एकदम. जनाबाईनं नजर काढायचा सल्ला दिला. गावात सल्ल्यांना काय तोटा! पण दहावीपर्यंत शिकलेल्या नम्रतानं हट्टच धरला आणि आसनगावहून गाडी पकडून सासूला कल्याणच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी छातीला तारा लावून पट्टी काढली आणि हसून म्हणाले, “घाबरू नका आजी. हृदयाचा ठेका चुकलाय. हे दुखणं काही जगावेगळं नाही. साठी उलटलेल्या शंभर माणसांत चार-पाच जणांना तरी असतं. कित्येकांना तर पत्ताही नसतो.”

“शंभरात पाच?” सकुबाईंना एकदम धीर आला. “म्हणजे आमच्या गावात पण असतील की!”

“असतील ना. पण त्यातला धोका ऐका. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळायचे सोडून नुसते थरथरतात. मग रक्त तिथं साचतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की माणूस एका अंगानं लुळा पडतो. म्हणून या दोन गोळ्या. ही सकाळची, ठोक्यांचा वेग आवरणारी. आणि ही फिकट गुलाबी, मधोमध चीर असलेली, संध्याकाळची. ही रक्त पातळ ठेवते. ही सगळ्यांत महत्त्वाची! एक दिवससुद्धा चुकता कामा नये. ही म्हणजे तुमचा जीव समजा.”

नम्रताला त्यांनी वेगळं समजावलं. दर महिन्याला रक्त तपासायचं, कारण गोळी कमी पडली तर गुठळी होणार आणि जास्त झाली तर रक्त थांबणार नाही. अंगावर निळे डाग पडतील, हिरड्यांतून, नाकातून रक्त येईल, तसं दिसलं तर धावत यायचं. पालेभाजीनं या गोळीचा जोर कमी होतो, म्हणून पाला एकदम वाढवायचा नाही, एकदम सोडायचाही नाही, मापात ठेवायचा. नम्रतानं सगळं वहीत लिहून घेतलं.

पहिले दोन महिने रक्त अगदी हवं तसं आलं. वैशाख संपता संपता मात्र आकडा घसरला. डॉक्टरांनी विचारलं, “पाला जास्त खाताय का?” आणि गोळीचं माप वाढवलं. पुढच्या महिन्यात आकडा आणखीच खाली. पुन्हा माप वाढलं... आणि नम्रता हादरली! यांच्या पोटात चाललंय तरी काय? मग तिनं स्वतःच्या बुद्धीनं, भीतीपोटी, एक चूक केली. मापात राहिलेलं पुरत नाही असं वाटून तिनं सासूच्या ताटातला पाला पुरता बंद केला. ऐन आषाढात, रानात लोत आणि टाकळा माजलेला असताना, सकुबाईंच्या पुढ्यात रोज डाळ आणि सुकट!

झालं! सरिता माहेरी आली की लेकी बोले सुने लागे सुरू. “तुझ्याकडे तरी पोटभर भाजी मिळते हो बाय,” सकुबाई म्हणायच्या आणि सुनेकडे पाहायच्या. महिन्या-दीड महिन्यानं एस्टी पकडून त्या लेकीकडे जायच्या, चार दिवस राहायच्या आणि तृप्त होऊन यायच्या. नम्रता मात्र नेम चुकू द्यायची नाही. रोज तिन्हीसांजेला गोळी तळहातावर ठेवायची, पाण्याचा तांब्या पुढं करायची. सासूच्या तोंडात डोकावून पाहावं, असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. आईसारख्या माणसाचं तोंड कोण तपासतं?

आणि श्रावणातल्या एका सकाळी, तांदूळ निवडता निवडता, सकुबाईंच्या हातातलं सूप गळालं आणि तोंड वाकडं झालं...

पंधरा दिवसांनी सकुबाईंना घरी आणलं. उजवा हात निर्जीव, उजवा पाय निर्जीव, तोंडातून शब्द नाही, नुसता “आं... आं...” असा घोगरा आवाज. डोळे मात्र जिवंत होते. सगळं त्यांना कळत होतं. माजघरात खाट टाकली आणि सरितानं तिचा ताबा घेतला. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, संदेशनं कुस्करून ठेवलेल्या गोळ्या पेजेतून देणं, सगळं सरिताच करायची. नम्रतानं रांधायचं, धुणी धुवायची आणि उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. आपल्याच घरात परकी! सासूच्या अंगाखालचं ओलं लुगडं तिला धुवायला मिळायचं, पण सासूचं अंग नाही. संदेशनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ताट पुढं ओढायचा, जेवायचा, कामाला निघून जायचा.

सरितासुद्धा झुरत होती, हे नम्रताला दिसत होतं. आईला भरवायची, पण स्वतः दोन घास खाऊन उठायची. एके दुपारी ती मोरीवर हातपाय धुवायला बसली. ओला पदर सारताना चोळीची बाही वर गेली आणि नम्रताला दिसला... दंडावर निळा-जांभळा डाग. त्याच्याखाली आणखी एक. पोटरीवर तळहाताएवढा!

“वन्सं... भाऊजी मारतात का हो तुमाला?”

सरितानं झटक्यानं पदर ओढला. “जीभ हासडीन! माझ्या आईला गिळलीस, आता माझ्या नवऱ्यावर आळ घेतेस? हरेशनं आजपर्यंत बोट लावलं नाय मला. कुठं आपटलं असंल.”

पण आपटून एकाच बाईच्या अंगाला तीन ठिकाणी डाग पडतात का?

दुसऱ्या दिवशी संदेश कामावर गेल्यावर सरिता आईला पेज भरवत होती आणि एकाएकी तिच्या नाकातून रक्ताची धार लागली. आधी तिनं पदर लावला, मग फडकं लावलं. फडकं भिजलं, दुसरं भिजलं... रक्त थांबेना! खाटेवर सकुबाई “आं! आं!” करून डाव्या हातानं खाटेची पाटी बडवू लागल्या. नम्रता उंबरा ओलांडून आत धावली. आता कसली मनाई आणि कसलं काय!

“खाली वाका, वन्सं. नाक दाबून धरा. तोंडानं श्वास घ्या...” आणि बोलता बोलताच तिच्या डोळ्यांपुढं वहीतलं पान उभं राहिलं. निळे डाग. हिरड्या. नाक. “वन्सं, तुमी कसली गोळी घेता का?”

सरितानं मान डोलावली. रडवेली होऊन, फडक्याआडून ती बोलू लागली. “कुणाला सांगू नको. दोन वर्षं झाली, मला पण धडधडतं. बसल्या जागी काळीज उधळतं, डोळ्यांपुढं काळोख येतो, आणि मग आपसूक थांबतं. सासरी कळलं तर काळजाची रोगीण म्हणून मला माहेरी धाडतील, या भीतीनं बोलले नाय. फक्त आईला सांगितलं, वैशाखात. आईनं सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणून दिल्या. माझ्याकडे येताना दर वेळी पुडी आणायची.” तिनं कनवटीची कागदाची पुडी काढून पुढं टाकली.

नम्रतानं पुडी उलगडली.

फिकट गुलाबी गोळ्या. मधोमध चीर. रंग उडालेल्या, कडा विरघळलेल्या, खडबडीत झालेल्या... ओल्या होऊन पुन्हा सुकलेल्या गोळ्या!

वीज अंगावर पडावी तशी नम्रता जागच्या जागी थिजली. तिला सगळं एका क्षणात दिसलं. रोज सांजेला आपण पाणी देत होतो; सासूबाई गोळी जिभेखाली धरून नुसतं पाणी गिळत होत्या; आपली पाठ वळली की ती पदरात काढून सुकवत होत्या, पुडीत बांधत होत्या, एस्टीनं मुरबाडला नेत होत्या. सकाळची गोळी त्या स्वतः घ्यायच्या. लेकीला दिली ती संध्याकाळची. का? कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही सगळ्यांत महत्त्वाची! दोन गोळ्यांमधली कुठली लेकीला द्यायची, हा प्रश्न त्या माऊलीला पडलाच नसेल.

तिनं खाटेकडे पाहिलं. सकुबाईंचे डोळे तिच्यावर खिळले होते. वाकड्या ओठांतून लाळ गळत होती, अश्रू कानात जात होते आणि डावा हात... एकच हात, जोडायला दुसरा नाही, तो कपाळाला लावून त्या सुनेची विनवणी करत होत्या. सांगू नको. माझ्या लेकीला हे सांगू नको!

एक वाक्य! फक्त एक वाक्य बोललं की नम्रताच्या कपाळीचा कलंक पुसला जाणार होता. नवरा परत मिळणार होता, घर परत मिळणार होतं. आणि त्याच वाक्यानं सरिताला कळणार होतं की आपल्या आईचं अर्धं अंग आपणच गिळलं.

“या गोळ्या तुमच्या दुखण्याच्या नायत, वन्सं,” नम्रता म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “दवाखान्यात पुडी बदलली असंल. यानं रक्त पातळ होतं. आताच्या आता डॉक्टरांकडे चला.”

“रक्त पातळ?” सरितानं रक्ताळलेलं तोंड वर केलं. “म्हणजे आईच्या गोळीसारखी? मग आईची गोळी गेली कुठं? तू म्हणत होतीस, रोज दिली...”

सकुबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

“नाय दिली,” नम्रता बोलली. “माझ्या हातून राहिली. कामाच्या नादात विसरायची मी... आणि घाबरून ‘दिली’ म्हणायची. तुमी म्हणत होता तेच खरं.”

“शेवटी कबूल झालीस!” रक्ताचं फडकं हातात धरून सरिता किंचाळली. “अगो, तुला घरात घेतली तो दिवस...”

“शिव्या गाडीत द्या. आधी उठा.”

जनाबाईला सासूजवळ बसवून नम्रतानं गावातल्या बुधूची जीप आणवली. आख्खा रस्ता सरिता नाक दाबून बसली होती आणि मध्येच मोकळ्या तोंडानं शिव्याशाप देत होती. नम्रता तिच्या पाठीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली.

डॉक्टरांनी नाकात कापूस कोंबला, रक्त तपासायला घेतलं, इंजेक्शन दिलं. “किती पातळ झालंय! अन्नपाणी सोडलं होतं का? उपाशी पोटी तर ही गोळी आणखी अंगावर येते. आणखी उशीर केला असता तर मेंदूत रक्तस्राव झाला असता.” ते बोलत असतानाच सरितानं छाती आवळली. “आलं... धडधड आलं!” ताबडतोब छातीला तारा लागल्या. यंत्रातून पट्टी सरसर निघू लागली. मिनिटाला एकशेनव्वद ठोके! डॉक्टरांनी तिला श्वास कोंडून जोरात कुंथायला लावलं. एकदा... दोनदा... आणि काळीज उधळलं तसंच एकाएकी निमूट चालीवर आलं.

“बघा,” डॉक्टर म्हणाले, “हे दुखणं तुमच्या आईचं नाहीच. आईचा ठेका चुकतो, तुमचा ठेका बरोबर आहे, नुसता उधळतो. जन्मापासूनच हृदयात विजेचा एक जादा रस्ता असतो, त्यातून हे होतं. हजारात दोन-तीन जणांना असतं. याला रक्त पातळ करायची गरजच नाही! वेगाची साधी गोळी देतो. आणि कायमचं बरं व्हायचं असेल तर मुंबईला मांडीच्या शिरेतून बारीक तार नेऊन तो जादा रस्ता जाळून टाकतात. दोन-तीन दिवसांत माणूस घरी.” मग त्यांनी पुडी उचलली. “पण ही तुम्हाला दिली कोणी?”

“सरकारी दवाखान्यात पुडी बदलली...” नम्रता घाईनं म्हणाली.

“छे! गोळीवरचा हा पुसट आकडा बघा, हे वाढवलेलं माप तर मीच लिहून दिलं होतं. तुमच्या सासूबाईंना.” गोळी बोटांत फिरवत ते थबकले. “आणि ही ओली झालेली आहे. कुणी तोंडात धरून काढल्यासारखी...”

सरिता त्या गोळीकडे टक लावून पाहत होती, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

“वैशाखात सांगितलं मी आईला...” ती पुटपुटली. “वैशाखापासून तिचं रक्त बिघडलं... म्हणजे मी... मी माझ्या आईचा जीव रोज सांजची पाण्याबरोबर गिळत होते?”

“वन्सं, नका हो तसं...”

“तुला माहीत होतं! पुडी बघितलीस तेव्हाच कळलं तुला! मग खोटं का बोललीस गो? मी तुला एवढं टाकून बोलले, आणि तू माझ्यासाठी...”

“तुमच्यासाठी नाय, वन्सं.” इतके दिवस आवरलेलं रडं आता नम्रताला आवरेना. “आत्याबायंसाठी. एका हातानं नमस्कार करत होत्या त्या मला! त्यांनी अर्धं अंग दिलं ते तुमाला कळू नये म्हणून. मी एक बोल लावून घेतला, त्याचं काय एवढं?”

सरितानं तिच्या गळ्यात हात टाकले आणि दवाखान्यातली माणसं बघत असताना लहान पोरीसारखा टाहो फोडला.

संध्याकाळी जीप दारात आली तेव्हा संदेश ओटीवर वाट बघत होता. सरितानं आधी जनाबाईला कुंपणाजवळ थांबवून ठेवलं. “थांब गो जना. त्या दिवशी ऐकलंस, तसं आज पण ऐक आणि सगळ्या आळीला सांग.” आणि तिनं सगळं सांगितलं, स्वतःची लपवलेली धडधड, पुडी, नम्रतानं अंगावर घेतलेला खोटा आळ. काही म्हणता काही लपवलं नाही. संदेश खांबाला धरून खाली बसला.

“नम्रता...” तो म्हणाला.

“कागद फेकलात त्याचं नाय मला एवढं,” नम्रता म्हणाली. ती रडत नव्हती. “पण दहा वर्षांत मी तुमच्याशी एक तरी खोटं बोलले होते का? एकदा तरी बसवून विचारायचं, नम्रता, तू दिलेली गोळी गेली कुठं? दोघांनी मिळून शोधली असती. तुमी विचारलंच नाय. तुमी ठरवून मोकळे झालात.”

“चुकलो गो मी.”

“हो, चुकलात. आणि मी पण चुकले. डॉक्टर मापात म्हणाले होते, मी पाला सगळाच तोडला. ते माझं मी आत्याबायंना सांगेन. तुमचं तुमी सांगा.”

सरिता आत गेली. आईच्या खाटेशी गुडघ्यांवर बसली आणि “का गो आये? का केलंस असं?” एवढंच विचारत राहिली. सकुबाईंनी सुनेकडे पाहिलं. नम्रतानं खाली मान घातली, त्यांना समजलं. उत्तर द्यायला वाचा नव्हती. त्यांनी डावा हात उचलला आणि लेकीच्या छातीवर ठेवला. कितीतरी वेळ त्या ठोके मोजत राहिल्या. नीट, एकापाठोपाठ एक पडत होते.

आठ दिवसांनी सरिता सासरी गेली. कितीही भीती वाटली तरी हरेशला सगळं सांगायचंच असं तिनं ठरवलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि तो चिडला, पण भलत्याच कारणानं. “दोन वर्षं? आणि मला आज सांगतेस? आधी बोलली असतीस तर तेव्हाच मुंबईला नेली असती!” ज्या भीतीपायी एका आईनं आपलं अंग गमावलं, ती भीती एवढीशी निघाली... निरोप घेऊन आलेल्या माणसाकडून हे ऐकलं तेव्हा नम्रताला हसावं की रडावं कळेना. मुंबईच्या हॉस्पिटलातली दिवाळीनंतरची तारीख मिळाली होती.

सरिता गेली त्या दिवशी, कितीतरी दिवसांनी, संध्याकाळची गोळी पुन्हा नम्रताच्या हाती आली. एव्हाना सकुबाईंना उशीला टेकून बसता येत होतं आणि गोळी कुस्करावी लागत नव्हती. नम्रतानं ती त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवली, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि सवयीनं वळून चुलीकडे निघाली.

“आं!”

ती थांबली. मागं वळून पाहते तो सकुबाईंनी तोंड उघडलं होतं. वाकडं, अर्धवट, जमेल तेवढं उघडलं होतं आणि थरथरती जीभ उचलून धरली होती. घरात भल्याभल्यांना धाकात ठेवणारी ती बाई, लहान पोराप्रमाणे सुनेला तोंड दाखवत होती.

“हे काय, आत्याबाय!” नम्रता कळवळली. तिला ते बघवेना. “मिटा तोंड. माझा इश्वास हाय तुमच्यावर. मी कधी तपासलं होतं का?”

सकुबाईंनी मान हलवली. तोंड मिटलं नाही. जबड्यातून लाळ ओघळू लागली, मान दुखू लागली असेल, तरी त्या तशाच तोंड उघडून बसून राहिल्या. डोळ्यांत हट्ट होता, आणि हट्टापाठीमागं पाणी.

तेव्हा नम्रता परत आली. दिवा हातात घेऊन खाटेच्या काठावर बसली, वाकली आणि तिनं नीट पाहिलं... जिभेखाली, मग डावा गाल, मग निर्जीव झालेला उजवा गाल.

“बघितलं, आत्याबाय,” ती म्हणाली. “गेली गोळी.”

मग सकुबाईंनी तोंड मिटलं.